तळ्याकडे पाठ करून

मी लहान असताना आमच्या घरी गड चढणं हे काम होतं. जशी कुणाची गिरणी असते, कुणाचं दुकान असतं, तसा आमचा गड.

वडील दगडखाणीत होते. एकदा वरून दगड घसरला आणि त्यांच्या कमरेवर आला. त्यानंतर ते खाटेवर बसले ते बसलेच. मग घर चालवलं ते आईने. आठवड्याचे पाच दिवस ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची आणि शनिवार-रविवार गडावर. पुण्या-मुंबईची माणसं गड बघायला यायची. माथ्यावर एक टाकं आहे, पण त्याचं पाणी उन्हाळा लागायच्या आतच हिरवं पडायचं. म्हणून आई उजाडायच्या आत ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन निघायची, त्यावर पाण्याची कळशी, काखेत लिंबांची पिशवी. मागे मी, पाच लिटरचा कॅन घेऊन. दर दोनशे पावलांवर हात बदलायचा. दीड तासाची चढण होती.

वर पोचलं की दरवाजाच्या सावलीत बसायचं. संध्याकाळी उतरताना हंडा रिकामा व्हायचा, तर आई त्यात वाळक्या काटक्या भरायची. तिचा नियमच होता. वर जाताना रिकामं जायचं नाही आणि खाली येताना रिकामं यायचं नाही. एकदा शेजारची बाई सहज म्हणून वर आली, नुसती भेटायला. आईने तिला विचारलं की तुझे पाय काय फुकटचे आहेत का.

ताक उरलं तर त्याची कढी व्हायची. सलग तीन दिवस आमच्याकडे कढी-भाकरी असली की रविवारी गिऱ्हाईक नव्हतं हे आख्ख्या आळीला कळायचं. मी आजही कढी खात नाही. लोकांना वाटतं पित्ताचा त्रास आहे.

तेव्हा मला एक गोष्ट अजिबात समजायची नाही. ही शहरातली माणसं घाम गाळत, धापा टाकत वर यायची, तटावर बसायची आणि खाली धरणाच्या पाण्याकडे बघत राहायची. अर्धा अर्धा तास. मग उतरून जायची. काही आणायची नाहीत, काही न्यायची नाहीत. मी आईला विचारलं होतं की ही येतात कशाला. आई म्हणाली, ‘ताक प्यायला.’ ते उत्तर मला बरीच वर्षं पुरलं.

एकदा एका बाईने ताकाचा ग्लास हातात घेऊन आईला म्हटलं, किती नशीबवान आहात, रोज हे सगळं बघायला मिळतं. आईने पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरायला घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई नेहमी पाण्याकडे पाठ करून बसते. एवढी वर्षं त्या दरवाजात बसली, पण तोंड कायम दुसरीकडे. पुढे शिकत गेले तसा मी त्याचा अर्थ लावला. ज्याच्या डोक्यावर हंडा आहे त्याला समोरचं सुंदर दिसत नाही, आणि दिसलं तर त्याला ते टोचतं. हा अर्थ मी हॉस्टेलवर नेला, केमिकल इंजिनियरिंगच्या चार वर्षांत जपला आणि नंतर सिंगापूरलाही घेऊन आले. आमच्या घरात, आईकडून आणि वडिलांकडूनही, पहिली पदवी माझी. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नसलं तरी.

आता आम्ही सिंगापुरातच सेरंगून भागात राहतो. नवरा बँकेत आहे, मुलगी अकरा वर्षांची. मी जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये काम करते. सकाळी कंपनीची बस, गेटवर पास, दिवसभर व्हॉल्व्ह आणि प्रेशर. वडील गेल्यापासून आई वर्षातले काही महिने आमच्याकडे येऊन राहते.

त्या बसमध्येच हे सुरू झालं. शेजारच्या सीटवरच्या चिनी सहकाऱ्याने मला फोनवर त्याच्या सुट्टीचे फोटो दाखवले. स्वित्झर्लंड. डोंगराचा माथा, आणि खाली हिरवंनिळं तळं. त्याने विचारलं की तुझं गाव डोंगरातलं ना, मग तू पुष्कळ हायकिंग केलं असशील. शेकडो वेळा गड चढलेली बाई मी, पण हायकिंग एकदाही केलेलं नव्हतं. त्याला हो म्हणू की नाही तेच कळेना. बस पुलावरून गेटपाशी पोचली तोवर मी ठरवून टाकलं होतं की आईला तिथे न्यायचं. एकदा तरी तिने हात हलवत डोंगर चढायचा, वर बसायचं आणि समोर बघायचं. बस्स.

हे मी कुणासाठी ठरवलं, तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

नवरा खूश झाला. तो पुण्याचा, कॉलेजात असताना दर रविवारी ट्रेकला जाणारा. आमच्या गडावरही दोनदा येऊन गेलेला, आमची ओळख व्हायच्या आधी. आई त्याला अजून चिडवते, ‘पाव्हणं, तवा ताकाचे पैसे दिलेलं का?’ तो हात जोडतो.

आईला सांगितलं तेव्हा ती पालक निवडत होती. तिने विचारलं, ‘वर काय काम हाय?’

‘काही काम नाही, आई. बघायचं.’

‘काय?’

‘तळं.’

‘तळं खाली असतंय न्हवं? मग वर कशाला जायचं?’

मी इंजिनियर आहे. प्रश्न सरळ असला की उत्तरही सरळ असलं पाहिजे, असं मला वाटतं. नवरा हसत बाल्कनीत निघून गेला. शेवटी मी म्हटलं की माझी इच्छा आहे. आई म्हणाली, तुझी इच्छा असंल तर येते. मग मी अट घातली की हातात काहीही घ्यायचं नाही. हंडा नाही, पिशवी नाही. आईने पालकाची जुडी खाली ठेवून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाली, ‘बरं. हातात काय घेणार न्हाय.’

पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरने तिचे गुडघे तपासले आणि माझ्यापेक्षा बरे आहेत म्हणून सांगितलं. मग आमचा सराव सुरू झाला. सिंगापुरात डोंगर कुठून आणणार? आमच्या इमारतीला चौदा मजले होते. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की आम्ही दोघी जिन्याने वर जायचो आणि लिफ्टने खाली यायचो. नवव्या मजल्यावरच्या चिनी आजीने लोखंडी जाळीच्या दारातून विचारलं की लिफ्ट बिघडली का. माझ्या मुलीला फार लाज वाटायची. ‘आजी, लिफ्ट इज वर्किंग लाह,’ ती इथल्या इंग्रजीत म्हणायची. आई तिला म्हणायची की माहीत हाय बाय मला, पण तुझ्या आईला सांग.

मात्र आई अडखळायची. हे मला अपेक्षित नव्हतं. पाचव्या-सहाव्या मजल्यापासून तिचा हात भिंतीकडे जायचा, पायरीवर पाय चुकायचा. आमच्या गडाच्या फुटक्या पायऱ्यांवर जी बाई दोन्ही हात मोकळे ठेवून चालायची, ती या सरळ सिमेंटच्या जिन्यात डुलत होती. मला वाटलं वय झालं. रात्री मी बुकिंग रद्द करायला किती दिवस आहेत ते बघून ठेवलं.

मग एका शनिवारी मी दार उघडलं तर आई जिन्यातून वर येत होती, एकटी, डोक्यावर पाच किलो तांदळाची पिशवी. दोन्ही हात खाली सोडलेले, पाय कसे एका रेषेत पडत होते. मी धावत जाऊन पिशवी उतरवली आणि तिच्यावर चिडले. लिफ्ट असताना हे काय, लोक काय म्हणतील, डोक्यावर ओझं घेऊ नको म्हणून कितीदा सांगायचं. खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. नाही कळलं.

जायच्या आधी एकदा तिला बुकित तिमाहच्या टेकडीवर नेलं. हे सिंगापूरमधलं सगळ्यात उंच ठिकाण. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, माकडं. अर्ध्यापाऊण तासात माथ्यावरच्या दगडापाशी पोचलो, लोक तिथे फोटो काढत होते. आईने इकडेतिकडे बघून विचारलं, ‘आता डोंगर कुठनं सुरू होतो?’

आल्प्समधलं ते गाव तळ्याच्या काठावर होतं. आम्ही स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. पोचल्यावर आईने नवऱ्याला दही आणायला पाठवलं, ते मी पाहिलं. प्रवासात तिला दही-भात लागतो, म्हणून मला काही वाटलं नाही. सुटकेसमध्ये लुगड्यात गुंडाळलेली लाकडी रवी होती, तीही पाहिली. वाटलं, म्हातारी माणसं काय काय बरोबर आणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बॅगेत पाण्याच्या आठ बाटल्या भरल्या, प्रत्येकी एक लिटरच्या. नवरा म्हणाला की वाटेत पाणी मिळेल, केबल कार थांबते तिथे तर हॉटेलही आहे. मी म्हटलं, तू मला डोंगर शिकवू नकोस, डोंगरावर पाणी नसतं. त्याने दोन्ही हात वर केले. आई मागे उभी होती. लुगडं, त्यावर माझं जाड जाकीट, पायात सेरंगूनच्या मॉलमधून घेतलेले बूट, आणि पाठीला माझ्या मुलीची शाळेची जुनी बॅग. मी विचारलं बॅगेत काय. म्हणाली, शाल.

निम्मा डोंगर केबल कारने चढायचा होता. आईने डोळे अर्धे मिटून घेतले. उतरल्यावर विचारलं की निम्मा बसून चढता येतो, तर उरलेल्यानं काय पाप केलंय. तिथून पुढे पायवाट होती. पिवळ्या पाटीवर माथ्याचं अंतर लिहिलं नव्हतं, वेळ लिहिली होती, दीड तास. ते तिला पटलं. समोरून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी म्हणायचा, तिथली पद्धत आहे, अनोळखी माणसालाही नमस्कार करतात. आई प्रत्येकाला ‘रामराम’ म्हणत होती. दोघातिघांनी उलट रामराम म्हणायचा प्रयत्नही केला.

वीसेक मिनिटं चाललो असू. वळणावर एका झाडाचा बुंधा कोरून केलेली लांब डोणी होती, आणि तिच्यात नळीतून पाणी पडत होतं. थंड, काचेसारखं, सारखं पडतच होतं. कुणीही यावं, ओंजळ धरावी. नवरा माझ्याकडे बघत नव्हता, त्याने मुद्दाम डोंगराकडे बघायला सुरुवात केली होती. मुलीने हिशोब केला की मम्मा आठ किलो कॅरी करते आहे.

आई हसली. पदर डोळ्याला लावून हसली. ‘लई शिकली माझी लेक,’ म्हणाली.

मी रागाने बॅग उघडली आणि बाटल्या गवतात ओतायला निघाले, तर तिने माझा हात धरला. एवढी हसणारी बाई एकदम गंभीर झाली. वर आणलेलं पाणी ओतायचं नाही, म्हणाली. मी दोन बाटल्या नवऱ्याकडे दिल्या, एक मुलीकडे, आणि पाच घेऊन पुढे निघाले. बाजूलाच फुकट पाणी वाहत असताना. कुणी मला कारण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही.

वाट अरुंद झाली तसे आम्ही एकामागे एक चालू लागलो. आई माझ्या पुढे. ती छान चालत होती, जिन्यातल्यासारखी डुलत नव्हती. हवेचा गुण, मी मनात म्हटलं. मग मला आवाज आला. तिच्या पाठीवरून, प्रत्येक पावलाला, डुबुक डुबुक.

मी तिला थांबवून बॅग उघडली. शालीत गुंडाळलेल्या ताकाच्या चार बाटल्या, एक स्टीलचा पेला आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड असलेली डबी.

मला रडू येईल असं वाटलं, पण आला राग. मी म्हटलं, ‘तू शब्द दिला होतास.’

‘हातात कुठं हाय?’ तिने दोन्ही तळवे दाखवले.

मी तिथेच उभी राहून बोलत सुटले. की एवढे पैसे, एवढा प्रवास कशासाठी केला. की सगळं आयुष्य तू ओझं घेऊन चढलीस, मला फक्त एकदा, एकदाच तुला मोकळं चढताना बघायचं होतं. की मी हे सगळं शिकले ते यासाठीच. मागून एक जोडपं आलं, तिथला नमस्कार ‘ग्रुएत्सी’ म्हणालं आणि बाजूने निघून गेलं. आई त्यांना रामराम म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काढ मग.’

मी चारही बाटल्या काढून माझ्या बॅगेत घातल्या. ती रिकामी बॅग पाठीला लावून पुढे निघाली. दहा-बारा पावलं गेली असेल. डुलली. हात भिंत शोधत बाजूला गेला, पण तिथे भिंत नव्हती, उतार होता. नवऱ्याने मागून जाकीट धरलं आणि ती वाटेतच खाली बसली.

लागलं नव्हतं. मुलीने आजीचा हात घट्ट धरून ठेवला होता. आईने बुटावरची माती झटकली आणि अगदी हळू, जणू तिचीच काही चूक असावी तसं म्हणाली, ‘मला रिकामं चढता येत न्हाय गं. तोल जातो. डोक्यावर न्हाय तर पाठीवर तरी असू दे.’

परत फिरलो तर तिला माथा दिसणार नव्हता. बाटल्या परत दिल्या तर मग मी तिला इतक्या लांब आणलंच कशाला? तीस वर्षं ज्या ओझ्याची मला चीड होती ते मी माझ्या हाताने तिच्या पाठीवर ठेवायचं? मी दोन बाटल्या देऊ का म्हटलं. तिने चार मागितल्या. दोनाने एका अंगाला झुकतं, म्हणाली.

मी चारही परत तिच्या बॅगेत ठेवल्या. शालीत नीट गुंडाळून, वजन दोन्ही बाजूंना सारखं येईल असं. पट्टे आवळले. ती उठली आणि चालू लागली, पाय एका रेषेत.

माथ्यावर एक लाकडी क्रूस होता, दोन बाकं होती आणि खाली ते तळं. फोटोत होतं त्याहून मोठं. पाण्यावर एक बोट चालली होती, इतकी लहान दिसत होती की ती चालते आहे की थांबली आहे तेच समजत नव्हतं. पलीकडे बर्फाचे डोंगर. मी वळून पाहिलं तर आई बाकावर नव्हती. वाट जिथे माथ्यावर चढून येते तिथल्या एका दगडावर ती बसली होती. तळ्याकडे पाठ करून.

मी म्हटलं, आई, एकदा वळून बघ तरी. तिने वळून बघितलं. ‘चांगलं हाय,’ म्हणाली आणि पुन्हा वाटेकडे तोंड केलं.

मग मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. गडावर तू कधी त्या पाण्याकडे बघायची नाहीस, तुला वाईट वाटायचं का ते बघून?

तिला प्रश्नच कळला नाही. मी दोनदा, तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. शेवटी ती म्हणाली, ‘पाणी काय, आपल्या जागी हाय, कुठं पळतंय? माणूस चढून येतो तवा त्याचं तोंड बघावं. कोण दमलंय, कुणाला चक्कर येतीय, कुणाला आधी पाणी द्यायचं आन् कुणाला ताक. मला तेच बघायला आवडतंय.’

ज्या दुःखावर मी माझं अर्धं आयुष्य उभं केलं ते तिला नव्हतंच. की होतं, आणि तिने ते मला दिलं नाही? मला अजूनही सांगता येत नाही.

तेवढ्यात वाटेवरून एक म्हातारं जोडपं वर आलं. बाईचा चेहरा लालभडक झाला होता, ओठ कोरडे. आईने त्यांना पुढे जाऊच दिलं नाही, हाताने खूण करून दगडावर बसवलं. पेल्यात ताक ओतलं, चिमूटभर जिरं टाकलं आणि बाईच्या हातात दिलं. बाईने वास घेतला, घोट घेतला, मग डोळे मिटून सगळा पेला संपवला. आईने तिच्या नवऱ्यालाही पेला भरून दिला. त्या माणसाने पाकीट काढलं. आईने पेला पदराने पुसता पुसता मला सांगितलं, ‘सांग त्यास्नी, विकायचं न्हाय.’

हे मी इंग्रजीत सांगितलं.

दुपारपर्यंत चारही बाटल्या संपल्या. उतरताना त्या डोणीपाशी आई थांबली आणि रिकाम्या बाटल्या एकेक करून नळीखाली धरून भरून घेतल्या. मी एकेकीला टोपण लावत गेले. माझ्याही बॅगेत खालून वर नेलेलं ते पाच लिटर पाणी तसंच होतं.

त्या दिवसाचा फोटो आता सेरंगूनच्या हॉलमध्ये आहे. नवरा, मुलगी आणि मी तळ्याकडे बघतो आहोत, आई उलट बाजूला. घरी येणारे विचारतात की आजींचं तोंड तिकडे का. मी दर वेळी वेगळं काहीतरी सांगते. आई सध्या इथेच आहे. आता ती जिन्याने चढते तेव्हा तांदळाची पिशवी तिच्या डोक्यावर असते आणि मी तिच्या मागे असते.

आई केबल कारच्या पुढचा सगळा डोंगर आपल्या पायांनी चढली आणि आपल्या पायांनी उतरली. ताक सगळं संपलं, एक पेलाही विकला नाही, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे कढी झाली नाही.